द्राक्षमळ्यातील मजूर आणि परळचा वाचक

परळ-लालबागच्या परिसराला दिवसा राबून रात्री शिकण्याची सवय फार जुनी आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. परळच्या दामोदर हॉलने नाटकांइकीच व्याख्याने आणि सभाही पाहिल्या. याच हॉलमध्ये १९२४ च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलाविलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार पुढे आला. आणि बाबासाहेबांचे स्वतःचे वाचन व चिंतन कितीतरी वर्षे परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत चालले होते. पाळी संपवून आलेला माणूस हातपाय धुऊन पुस्तक उघडून बसतो, यात येथे कोणाला नवल वाटत नसे. आता गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु रात्री शिकणारा माणूस मात्र गेलेला नाही. त्याच्या पुढ्यात पाटीऐवजी टपालाने आलेला, किंवा अलीकडे मोबाईलच्या पडद्यावर उतरवून घेतलेला, पाठ असतो, एवढाच काय तो फरक.

अशा दूरशिक्षणातून कोणी वाणिज्य शाखेची पदवी घेतो, कोणी मराठी साहित्याची, तर कोणी ग्रंथालयशास्त्राची. पण कोणी बायबल वाचण्याच्या अर्वाचीन पद्धती शिकत आहे असे सांगितले, तर ऐकणारा क्षणभर थबकतो. ऐकणारा ख्रिस्ती असेल तर तो म्हणतो, शास्त्र श्रद्धेने वाचावयाचे. त्याला पद्धती कसली? ऐकणारा ख्रिस्ती नसेल तर हा त्या समाजाच्या घरातला प्रश्न आहे, किंवा यात धर्मप्रसाराचा काही डाव आहे, असे त्याला वाटते. दोघांचाही समज चुकीचा आहे, आणि तो दूर होणे अगत्याचे आहे. कारण येथे प्रश्न एका धर्मग्रंथापुरता नाही. परंपरेने पूज्य मानलेला ग्रंथ वाचण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न आहे. आणि महाराष्ट्राने ज्ञानदेवांपासून तो वारंवार विचारलेला आहे.

मराठी वाचकाला या पद्धती वाटतात तितक्या परक्या नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा शेकडो हस्तलिखिते पडताळून कोणता पाठ जुना आणि कोणता मागाहून घातलेला, याचा निर्णय विद्वानांनी केला. बायबलच्या बाबतीत हेच काम युरोपात गेली दोन-अडीच शतके चालले आहे. ग्रंथ कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत आणि कोणासाठी लिहिला, हा ऐतिहासिक चिकित्सेचा प्रश्न. कथा कशी रचली आहे, कोण बोलतो आणि कोणाला गप्प ठेवले आहे, हा साहित्यिक चिकित्सेचा. या दोहोंनंतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरा प्रश्न पुढे आला आणि त्याने खळबळ माजविली: वाचणारा कोण आहे, आणि तो कोठे उभा राहून वाचतो आहे? लॅटिन अमेरिकेतील शेतमजूर, अमेरिकेतील कृष्णवर्णीय, जगभरच्या स्त्रिया आणि आपल्याकडील दलित यांनी तोच ग्रंथ आपल्या जागेवरून वाचला, तेव्हा त्यात आजवर न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. यातही आपल्याला अपरिचित असे काही नाही. गीता एकच, परंतु मंडालेच्या तुरुंगात टिळकांना तिच्यात कर्मयोग दिसला, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सोबतच्या कैद्यांना ती सांगितली तेव्हा तिचा सूर निराळाच लागला.

परळच्या वाचकाच्या दृष्टीने यातील मर्म स्पष्ट करावयाचे, तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायाच्या आरंभीचा दाखला घ्यावा. द्राक्षमळ्याचा एक मालक पहाटे बाजारात जातो, दिवसाला एक दिनार ठरवून मजूर घेतो. पुढे दिवसभरात तो आणखी चार वेळा जातो आणि रिकामे उभे असलेले मजूर पाठवितो. शेवटची खेप तर दिवस मावळायला एक तास उरला असताना होते. संध्याकाळी तो कारभाऱ्याकरवी मजुरी वाटतो ती शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत, आणि सर्वांना सारखीच, एक दिनार. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. मालक म्हणतो, ठरले ते दिले. माझ्या पैशाचे मी काय करावे हा माझा प्रश्न.

चर्चमधील रूढ विवरण असे, की मालक म्हणजे देव, आणि उशिरा आलेला पापीदेखील त्याच्या कृपेत पूर्ण वाटेकरी होतो. हे विवरण खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि गिरणगावात वाढलेला वाचक या दाखल्याकडे पाहतो तेव्हा त्याला प्रथम देव दिसत नाही. त्याला गिरणीचा दरवाजा दिसतो. रोज सकाळी त्या दरवाजाशी बदली कामगारांचा घोळका उभा राहत असे. कोणाला आत घ्यावयाचे हे जॉबरच्या मनावर असे, आणि ज्याला घेतले नाही तो खाली मान घालून घरी परते. त्या घोळक्यात ज्याचे वडील उभे राहिले, त्याला शेवटच्या मजुरालाही पुरता दिनार मिळाला यात अन्याय मुळीच वाटणार नाही. काम एक तासाचे झाले म्हणून पोट एक तासाचे होत नाही, हे त्याला शिकविण्याची गरज नसते. उलट ज्याचे वडील कायम कामगार होते आणि युनियनच्या सभांना जात होते, त्याच्या लक्षात दुसरीच गोष्ट येईल. मजुरी शेवटच्यापासून का वाटली? पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावले असते तर तंटाच झाला नसता. मजुरांनी मजुरांकडे पाहून जळावे आणि मालकाने औदार्याचा मान घ्यावा, ही युक्ती त्याने पुष्कळदा पाहिलेली असते. अमेरिकन अभ्यासक विल्यम हर्झॉग यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जवळजवळ हाच अर्थ मांडला. दाखल्यातील मालक हा देव नसून रोमन अमलाखालील एक बडा जमीनदार आहे, आणि येशू त्याची स्तुती करीत नसून शोषणाची रीत उघडी करून दाखवीत आहे, असे त्यांचे म्हणणे.

आणि एक तिसरा वाचक आहे. दिवस सरताना मालक विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे? मजूर सांगतात की आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. पुष्कळ विवरणकार या उत्तरावरून सहज पुढे जातात. परळचा दलित वाचक मात्र तेथेच थांबेल. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचे काम अधिक पगाराचे. पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने हाताळणे म्हणजे विटाळ, हे त्याचे कारण. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. आम्हांला कोणी घेतले नाही, हे उत्तर अशा वाचकाच्या कानी पडते तेव्हा ते आळशाचे निमित्त राहत नाही. त्यामागे एक पुरी व्यवस्था उभी असल्याचे त्याला ठाऊक असते. दाखला न घेतलेल्यांबद्दल आहे, हे त्याने दाखवून दिल्यावर बाकीच्यांनाही दिसू लागते.

मग ज्याला जे सुचेल तो अर्थ, असे समजावयाचे काय? नाही, आणि शिक्षणाची गरज नेमकी येथेच आहे. हर्झॉग यांचे विवरण कितीही आकर्षक असले तरी मत्तयाने हा दाखला स्वर्गाच्या राज्याची उपमा म्हणून सांगितला आहे, आणि त्यातील मालक स्वतःला चांगला म्हणवितो, या दोन गोष्टी त्यांना पुरत्या बाजूला सारता आलेल्या नाहीत. वाचकाच्या अनुभवाने प्रश्न सुचतो. त्या प्रश्नाला मूळ पाठ टिकू देतो की नाही, हे पाहण्यासाठी दिनाराचे मोल, जमिनीची मालकी, कर्जापायी शेती गमावलेला गालीलातील शेतकरी आणि मत्तयाची लेखनशैली यांची माहिती लागते. ही शिस्त नसेल तर अर्वाचीन पद्धतीच्या नावाखाली नव्या पुराणिकांची भर पडेल, एवढेच.

आता ही शिस्त कोठे मिळावी? सर्वसाधारण उत्तर असे की धर्मविद्यालयात. पण वसतिगृहात राहून तीन-चार वर्षे शिकावयाचे, तर कारकुनाने नोकरी सोडली पाहिजे, शिक्षिकेने घर सोडले पाहिजे. ज्यांना हे जमते ते बहुधा पुढे धर्मगुरूच होतात, आणि अर्थ लावण्याचे काम पुन्हा त्यांच्याच हाती राहते. याहूनही एक खोल अडचण आहे. जागेवरून वाचण्याला महत्त्व देणारी पद्धत शिकविण्यासाठी विद्यार्थ्याला प्रथम त्याच्या जागेवरून उचलावयाचे, हा उफराटा न्याय झाला. नेमक्या याच अनुभवातून १९६३ मध्ये ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयाने विद्यालयच विद्यार्थ्यांच्या गावी नेण्याचा प्रयोग केला. विद्यार्थ्याने आठवडाभर आपले काम सांभाळून घरी छापील पाठ सोडवावयाचे, आणि आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रात चार-सहा जणांनी शिक्षकासह बसून त्यांवर चर्चा करावयाची. ही पद्धत भारतात आली ती १९७१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या ‘टॅफ्टी’ या संस्थेच्या द्वारे. मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले तेही १९७१ सालीच. ज्या महाविद्यालयाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळाली, त्या बंगालमधील सेरामपूरच्या सिनेटनेही (आपल्या नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे) बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी ख्रिस्ती अध्ययनाचे अभ्यासक्रम चालविले.

तेव्हा दूरशिक्षण म्हणजे महाविद्यालयात जाता न आलेल्यांची दुय्यम सोय, ही जी समजूत आहे ती निदान या विषयात तरी टिकत नाही. येथे विद्यार्थी परळच्या चाळीत राहतो, गच्च भरलेल्या लोकलमधून कामावर जातो, रेशनच्या रांगेत उभा राहतो, आणि रात्री मत्तय उघडतो. वसतिगृहातील विद्यार्थ्याला जे पुस्तकातून शिकावे लागते, ते याच्या अंगवळणी पडलेले असते. अभ्यासक्रमाने त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे.

पुष्कळसे अभ्यासक्रम तो करून घेत नाहीत, हे दुर्दैवाने सांगावे लागते. पाठ येतात, गृहपाठ जातात, गुण मिळतात. पण आठवड्याची बैठक, जी ग्वाटेमालाच्या प्रयोगाचा प्राण होती, ती खर्चाच्या किंवा सवडीच्या सबबीवर प्रथम गळते. बैठक गेली की परीक्षा उरते, आणि परीक्षा आली की गाईड येते. ऐतिहासिक चिकित्सेची पाच वैशिष्ट्ये, स्त्रीवादी वाचनाचे चार फायदे असे मुद्दे घोकून विद्यार्थी उत्तीर्ण होतो, आणि ज्या दाखल्याने त्याला आपल्या वडिलांची आठवण व्हावयाची, तो दाखला त्याने एकदाही सावकाश वाचलेला नसतो. पडद्यावरील व्याख्यानांनी यात सुधारणा होईल असे मानणे भोळेपणाचे आहे. बदली कामगाराचा मुलगा आणि कायम कामगाराची मुलगी एका टेबलाशी बसून त्या दिनारावरून भांडतील, तेव्हाच तो पाठ शिकविला गेला असे म्हणता येईल.

दुसरी उणीव भाषेची. या विषयावरील उत्तम साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे, याचे नवल नाही. खंत वाटते ती ते लिहिणाऱ्यांत महाराष्ट्राची माणसे असूनही तसे असावे याची. इगतपुरीला जन्मलेले जेझुइट विद्वान जॉर्ज सोरेस-प्रभू यांनी मत्तयाच्याच शुभवर्तमानावर युरोपात डॉक्टरेट मिळविली, आणि पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकविताना युरोपीय पद्धत युरोपचेच प्रश्न सोडविते, भारतीय वाचकाचे प्रश्न दारिद्र्याचे, जातीचे आणि अनेक धर्मांच्या सहवासाचे आहेत, असे निर्भीडपणे मांडले. मत्तयाच्या अखेरीस येशू शिष्यांना जगभर पाठवितो तो प्रसंग, आणि बुद्धाने भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारिकेला पाठविले तो विनयपिटकातील प्रसंग, हे दोन्ही त्यांनी शेजारी ठेवून वाचले. हा लेख परळच्या बौद्ध वस्तीतील तरुण आणि दादरच्या चर्चमधील तरुण यांनी एकत्र बसून वाचावा अशा योग्यतेचा आहे. सोरेस-प्रभू १९९५ मध्ये पुण्यात रस्त्यावरील अपघातात गेले. दुसरे अरविंद निर्मळ. हेही मराठीच. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी दिलेल्या व्याख्यानापासून दलित ख्रिस्ती धर्मविचाराचा आरंभ मानला जातो. अनुवादाच्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस पहिले पीक अर्पण करताना आपल्या भटक्या पूर्वजाची आणि दास्याची कहाणी उच्चारतो. तो उतारा निर्मळांनी दलितांच्या स्वतःच्या इतिहासाची कबुली म्हणून वाचला. लोकांचा आरंभ वैभवात नसून हालअपेष्टांत आहे, आणि तो लपवावयाचा नाही, असे त्यातून त्यांनी दाखविले. डॉ. आंबेडकरांनीही मोशेच्या कथेवर लिहिले होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. सोरेस-प्रभू आणि निर्मळ या दोघांचेही मुख्य लेखन इंग्रजीत आहे. ज्यांच्याविषयी ते आहे त्यांच्यापैकी किती जणांच्या हाती ते पडले असेल?

मराठी बायबलचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. पहिला मराठी नवा करार १८११ मध्ये सेरामपूरहून निघाला. तो विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर बसून केलेला. त्याचे मराठी येथे रुचले नाही, म्हणून मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ मध्ये नवा करार छापला. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलाचे सुबोध मराठीत भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायकांना वाचता यावे म्हणून. ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले, आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात बाहेर पडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला. मूळ ग्रंथ असा पुनःपुन्हा मराठीत आला. तो वाचावा कसा याचे शास्त्र मात्र इंग्रजीतच राहिले. ज्याला इंग्रजी परिच्छेद शब्दकोशाच्या आधाराने उलगडावा लागतो, त्याची सारी बुद्धी शब्दार्थातच खर्ची पडते. पद्धतीपर्यंत तो पोचतच नाही.

श्रद्धेला धक्का बसेल, हा आक्षेप उरतो. त्याला उत्तर खुद्द रोमनेच दिलेले आहे. १९९३ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने बायबलच्या अर्थनिर्णयावर एक विस्तृत निवेदन काढले. त्यात ऐतिहासिक चिकित्सा अपरिहार्य मानली आहे, मुक्तिवादी व स्त्रीवादी वाचनांची मर्यादा सांगून त्यांची दखलही घेतली आहे, आणि सर्वांत कडक शब्द वापरले आहेत ते केवळ अक्षराला चिकटून बसणाऱ्या मूलतत्त्ववादी वाचनाविरुद्ध. ज्या पद्धती पोपच्या आयोगाला चालतात, त्या परळच्या कारकुनाला पेलणार नाहीत असे समजणे हा त्याचा अपमान आहे. धर्मप्रसाराची शंका घेणाऱ्यांना तर एवढेच विचारता येईल, की ग्रंथाविषयी प्रश्न विचारावयास शिकविणारा अभ्यासक्रम कोणा प्रचारकाने आजवर कधी काढला आहे काय?

करावयाचे आहे ते थोडे आणि फारसे खर्चाचे नाही. सोरेस-प्रभू आणि निर्मळ यांच्या निवडक लेखांची मराठी भाषांतरे, त्यांवर बेतलेले वीस-पंचवीस पाठ, उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी दोन तासांपुरती एखाद्या रात्रशाळेतील वर्गखोली. वर्गाला येणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे अशी अट नसावी. सोरेस-प्रभूंचा तो बौद्ध आणि ख्रिस्ती वचनांवरचा लेख शिकविताना तर ती घातकच ठरेल. पहिला पाठ द्राक्षमळ्याचाच घ्यावा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांना कायमचे हादरवून गेलेल्या संपानंतर गिरण्यांच्या दरवाजाशी बदलीसाठी उभे राहण्याची वेळ कोणावर राहिली नाही. पण मुंबईच्या नाक्यांवर आजही सकाळी गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात, आणि त्यांच्यात पाटी घेतलेल्या बायकाही असतात, ज्यांचा दाखल्यात उल्लेख नाही. दुपार झाली तरी त्यांतले काही जण तेथेच असतात. वर्गाला येणाऱ्याने येता येता तेवढे पाहून यावे.